खाऱ्या पाण्यातील शोभेचे मासे आजारी पडले तर: माशांची आणि स्वतःच्या हातांची काळजी

मुंबई परिसरातील अनेकांनी समुद्री शोभेचे मासे पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ मध्ये सुरू झाले. आता क्लाउनफिश आणि डॅमसेलसारखे मासे घरच्या टाकीतही दिसतात. हे मासे नाजूक असतात. मासा आजारी पडला की घरचे लोक वारंवार टाकीत हात घालतात, मेलेला मासा बाहेर काढतात, दगड घासतात. नेमक्या याच काळात माणसाला संसर्ग होण्याची शक्यता वाढते. म्हणून या लेखात दोन्ही बाजू एकत्र पाहू.

माशाला ताण कशामुळे येतो?

समुद्राचे पाणी फारसे बदलत नाही. टाकीतले पाणी मात्र काही तासांत बदलू शकते. ताणाची नेहमीची कारणे अशी:

- अमोनिया आणि नायट्राइट: माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे उपयुक्त जिवाणू नव्या टाकीत वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडल्यास ते दगावतात.
- क्षारता वाढणे: पाणी वाफ होऊन उडते, मीठ उडत नाही. त्यामुळे घटलेल्या पाण्याची भरपाई मिठाच्या नव्हे, तर आरओच्या गोड्या पाण्याने करावी.
- उष्णता: पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. मे महिन्यात रबाळ्यासारख्या ठिकाणी वीज गेली आणि पंप बंद पडला तर धोका दुप्पट होतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवावा.
- गर्दी आणि भांडणे: लहान टाकीत दांडगे मासे इतरांना खाऊ देत नाहीत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते थेट टाकू नये. ठाणे खाडीचे पाणीही आणून वापरू नये. त्यात सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो.

मासा आजारी दिसला तर काय करावे?

खाणे सोडणे, कोपऱ्यात लपणे, कल्ले जोरात हलणे, दगडाला अंग घासणे, पर मिटून घेणे ही ताणाची व आजाराची लक्षणे आहेत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीची शंका घ्यावी.

1. आधी पाणी तपासा, औषध नंतर. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ च्या दरम्यान असावे.
2. अमोनिया वाढला असेल तर त्याच तापमानाचे व क्षारतेचे तयार पाणी घेऊन थोडे पाणी बदला.
3. आजारी माशाला वेगळ्या टाकीत ठेवा. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही टाकू नये. त्याने कोळंबी व प्रवाळ मरतात.
4. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक्स पाण्यात टाकू नका. परजीवीवर ती चालत नाहीत आणि टाकीतले उपयुक्त जिवाणूही त्यांनी मरू शकतात.
5. नवीन मासा किमान चार आठवडे वेगळा ठेवूनच मुख्य टाकीत सोडा.

मासा खंगत असेल, पाठ वाकली असेल, अंगावर जखमा असतील तर मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग असू शकतो. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांचा सल्ला घ्या. अशा टाकीत उघडा हात घालू नका.

टाकीतून माणसाला होणारा त्वचेचा संसर्ग

मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू क्षयरोगाच्या जिवाणूचा नातेवाईक आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या समुद्री माशांत तो प्रथम सापडला. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत तो राहतो. हातावरच्या बारीक खरचटीतून तो त्वचेत शिरतो. मासळी साफ करताना काटा लागूनही हा संसर्ग होऊ शकतो.

साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, बोटावर किंवा हातावर लालसर-जांभळी गाठ येते. ती फारशी दुखत नाही, पण बरीही होत नाही. काही रुग्णांत मनगटाकडून कोपराकडे ओळीने आणखी गाठी येतात. हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, म्हणून तो सहसा शरीराच्या थंड भागात, म्हणजे हातापायांच्या त्वचेत राहतो.

निदान का लांबते?

गाठ येईपर्यंत खरचटल्याचे विसरलेले असते. मग कधी चामखीळ, कधी बुरशी, कधी साधा पू समजून मलमे लावली जातात. संसर्ग खोल गेल्यास बोटाचे सांधे व स्नायुबंध कायमचे आखडू शकतात. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून सांगा: "माझ्या घरी माशांची टाकी आहे." या एका वाक्याने तपासाची दिशा बदलते. गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि कल्चर कमी तापमानालाही लावावे लागते, हे प्रयोगशाळेला कळवणे गरजेचे असते.

उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅमब्युटॉल, रिफॅम्पिसिन यांसारखी औषधे डॉक्टर ठरवतात. ती काही महिने घ्यावी लागतात आणि गाठ गेल्यावरही एक-दोन महिने चालू ठेवतात. मध्येच बंद करू नयेत.

काटा टोचल्यास

लायनफिशच्या काट्यात विष असते. जखम झालेला हात सोसेल इतक्या गरम, फार तर ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. नंतर डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

रोजची काळजी

- हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. एरवीही लांब रबरी हातमोजे वापरा.
- नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नका.
- टाकीचे सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.
- जिवंत प्रवाळ चिकटलेले दगड उकळू नका. काही प्रवाळांतील विष वाफेतून श्वासात जाऊन जिवावर बेतू शकते.
- मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, तसेच स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी टाकीची सफाई दुसऱ्याकडे द्यावी.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी गाठ किंवा जखम असल्यास.
- बोट सुजून वाकवता येत नसल्यास.
- तातडीने: खाऱ्या पाण्यात जखम झाल्यावर काही तासांत तीव्र वेदना, वेगाने पसरणारी सूज, फोड किंवा ताप आल्यास, काटा टोचल्यावर धाप लागल्यास किंवा चक्कर आल्यास.

घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

*हा आजार घरात एकमेकांना होतो का?* नाही. रुग्णाला वेगळे ठेवण्याची किंवा त्याची भांडी वेगळी करण्याची गरज नाही.

*टाकी काढून टाकावी का?* सहसा नाही. हातमोजे वापरा आणि माशांवरचा ताण कमी ठेवा. मासे निरोगी राहिले की टाकीत हात घालण्याची वेळही कमी येते.