कुली घाटाच्या सोळा पायऱ्या

बंगळुरूत, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात गौरी-गणेशाची खरेदी चालली आहे. फुलवालीशी तुम्ही कन्नडमधून भाव करता, मुलीशी मराठीत बोलता. ती उत्तर इंग्रजीत देते. आपली मराठी इथे किती पिढ्या टिकेल? या प्रश्नासाठी शहर सोडा, शतकही सोडा.

साल १८५८, मुंबई बंदर. तुम्ही रत्नागिरीकडचे कुळवाडी. भाताचं खाचर सावकाराने घेतलंय. मोरस बेटावर, म्हणजे मॉरिशसला, ऊस तोडायचा, महिना पाच रुपये, वर शिधा. करारावर फुली मारता आणि शिडाच्या जहाजात चढता.

कित्येक आठवड्यांनी पोर्ट लुईस. कुली घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढताना पाय अजून डुलतात. कारकून नाव, बापाचं नाव विचारतो, कानावर पडेल तसं लिहितो आणि नंबर देतो. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसं अशीच या बेटावर उतरली.

मळ्याचा मालक फ्रेंच, राज्य इंग्रजांचं, टोळीवर हुकूम सरदाराचा, म्हणजे मुकादमाचा. सोबतीला भोजपुरी बोलणारे, तमिळ, तेलुगू. पलीकडे चिनी वाण्याचं दुकान. आणि मादागास्कर, मोझांबिकहून पकडून आणलेले, १८३५ मध्ये गुलामीतून सुटलेले लोक. गुलामांनी फ्रेंचमधून घडवलेली क्रियोल सगळ्यांना जोडते. तुम्ही ती अडखळत शिकता. तुमची मुलं तिच्यातच भांडतात, लाडही तिच्यातच करतात.

आता १८९६. व्हाकोआजवळच्या हेन्रिएटात गणपती बसलाय. बेटावरचा हा पहिला गणेशोत्सव, असं सांगतात. कोकणातलं जाखडी नृत्य इथे झाकरी झालं आहे. ढोलकीच्या ठेक्यावर तुमची नातवंडं फेर धरतात.

पुढे १२ मार्च १९६८. मॉरिशस स्वतंत्र होतो. भारतीय, आफ्रिकी, चिनी, फ्रेंच वंशाची माणसं एका झेंड्याखाली येतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते. २००६ मध्ये कुली घाट, आताचा आप्रवासी घाट, युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला.

तुमच्या वंशजांच्या घरी क्रियोल बोलली जाते. तरीही मराठी उरली, कारण त्यांनी ती उंबऱ्याआड जपली नाही: देवळं बांधली, मंडळं काढली, शाळेत तिच्यासाठी तास मागून घेतला. परमुलखात भाषेला चार माणसांत काम मिळालं, तरच ती पुढच्या पिढीच्या हाती लागते.