घरदुरुस्तीला किती दिवस लागतील? अंदाज बांधण्याची रीत

‘चवथीपर्यंत घर तयार होईल’ हे आश्वासन गोव्यातील घरमालकाला मेस्त्रीकडून हमखास मिळते. ते खोटेच असते असे नाही. बहुधा ते केवळ प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजून दिलेले असते. सुकण्याचे, परवानगीचे आणि वाट पाहण्याचे दिवस त्यात धरलेले नसतात. शिवाय येथील पावसाळा ही अशी सीमा आहे, की ती चुकली तर पंधरा दिवसांचा विलंब चार महिन्यांवर जातो. म्हणून छपराचे व बाहेरचे काम असेल, तर चवथीचा नव्हे, मेअखेरीचा मुहूर्त धरून मागे मोजत येणे हिताचे ठरते.

अंदाज का चुकतो?

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाचे नाव दिले. काम डोळ्यांसमोर आणताना मन ते सुरळीत चाललेलेच पाहते. पूर्वीची तशीच कामे कशी रखडली, याचा विचार करत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. ‘सारे काही बिघडले तर किती?’ या प्रश्नाला दिलेले उत्तरही सुमारे ४९ दिवसांचेच होते. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजसुद्धा अपुरा पडला.

दुसरे कारण गणिताचे आहे. गवंडी, नळकाम करणारा, वीजकाम करणारा, सुतार आणि रंगारी हे पाच जण एकामागून एक येतात. प्रत्येक जण वेळेवर काम संपवण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी पाचही जण वेळेवर असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्केच उरते. एकाचा उशीर पुढच्या सर्वांच्या वाट्याला येतो आणि ठरल्या दिवशी मोकळा असलेला कारागीर तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

सुकण्याचे दिवस

काही दिवस माणसे वाढवूनही कमी होत नाहीत. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार काँक्रीट साध्या सिमेंटचे असल्यास किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे असल्यास किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यासाठी ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस काढता येत नाहीत. सहा मीटरहून लांब तुळईसाठी ही मुदत २१ दिवसांची आहे. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारावे लागते आणि नव्या गिलाव्याला रंग देण्यापूर्वी सुमारे २८ दिवस थांबणे इष्ट मानले जाते. न्हाणीघरात गळतीरोधक थर दिल्यावर पाणी साठवून दोन-तीन दिवस पाहिल्याशिवाय लाद्या बसवणे धोक्याचे असते. त्यामुळे एका न्हाणीघराचे बारा-पंधरा दिवसांचे काम सहज महिनाभर चालते.

जुन्या घरातले दडलेले काम

चिऱ्यांच्या भिंतींच्या आणि मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात खरे काम उघडल्यावरच कळते. कौले उतरल्यावर आढ्याला वाळवी लागलेली दिसते, मातीत बांधलेली भिंत पोकळ निघते, जुन्या मापाचे कौल नव्या कौलात बसत नाही. म्हणून मुदत ठरवण्यापूर्वी एक दिवस केवळ तपासणीसाठी ठेवावा. दोन-तीन ठिकाणची कौले काढून वासे व रिपा टोचून पाहाव्यात, ओलसर भागातला गिलावा खरवडावा, विजेच्या जुन्या तारा तपासून घ्याव्यात. लाकूड व कौले अंगणात येऊन पडेपर्यंत छप्पर उघडू नये.

कागदपत्रांचा काळ

पंचायत वा पालिकेची परवानगी लागणाऱ्या दुरुस्तीत पहिला दिवस गवंडी येतो तो नव्हे, तर अर्ज दाखल होतो तो धरावा. वडिलोपार्जित घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अनेकांची नावे असतात. त्यातले काही मुंबईत, काही परदेशात. त्यांची संमतिपत्रे येण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. घर मुंडकाराचे असल्यास किंवा वारसा-संवर्धन क्षेत्रात असल्यास अधिक वेळ गृहीत धरावा.

वर्षाचे गणित

गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि जोर सप्टेंबरपर्यंत राहतो. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतही दिवाळी, नाताळ, शिगमो-होळी येतात. परराज्यांतील कामगार सणांना, लग्नसराईला आणि निवडणुकांना गावी जातात. छपराचे काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकून एप्रिल-मे हे दोन महिने राखीव ठेवणे शहाणपणाचे. वीजजोडणी वा आतील लादीकाम पावसातही करता येते. मात्र दमट हवेत रंग नीट सुकत नाही आणि लाकूड फुगून दारे घट्ट बसतात.

अंदाज बांधण्याची रीत

पहिली पायरी म्हणजे आपल्यासारखेच काम अलीकडे झालेली तीन घरे गाठणे. मेस्त्रीने किती दिवस सांगितले होते हे न विचारता, पहिल्या दिवसापासून शेवटचा कारागीर जाईपर्यंत किती दिवस गेले, ते विचारावे.

त्यानंतर प्रत्येक कामासाठी तीन आकडे घ्यावेत: सर्वांत कमी, नेहमीचे आणि सर्वांत जास्त दिवस. नेहमीच्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवावेत व बेरजेला ६ ने भागावे. अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या नियोजनासाठी वापरलेली ही पद्धत आहे. सुतारकामाला कमीत कमी १५, बहुधा २० आणि अडचण आल्यास ५५ दिवस लागणार असतील, तर उत्तर २५ येते. सर्व कामांच्या बेरजेत सुकण्याचे दिवस मिळवावेत आणि तो आकडा त्या तीन घरांच्या अनुभवाशी ताडून पाहावा. दोहोंपैकी मोठा आकडा धरावा.

लाद्या, नळ, रंग यांची निवड काम सुरू होण्यापूर्वीच करावी. मध्येच बदललेला एक निर्णय आठवडा खातो. मजुरीचे हप्ते तारखेशी न बांधता पूर्ण झालेल्या टप्प्यांशी बांधावेत.

एवढे करूनही हिशेब मेअखेरीपलीकडे जात असेल, तर काम दोन वर्षांत विभागावे: यंदा छप्पर, पुढल्या वर्षी आतले काम. चवथीला भिंतींवर जुना रंग राहिला तरी माटोळी बांधता येते. छप्पर मात्र उघडे राहिले, तर मातीची भिंत ताडपत्रीखाली भिजते आणि घरातल्या वृद्धांना पावसाळाभर दुसऱ्याच्या आसऱ्याला जावे लागते.