मध्यम शक्तीचे मॉडेल रॉकेट

मध्यम शक्तीचे मॉडेल रॉकेट म्हणजे ई, एफ किंवा जी या वर्गांतील घन इंधनाच्या मोटरवर उडणारे, पॅराशूटच्या साहाय्याने खाली उतरणारे आणि पुन्हा उडविता येणारे छोटे रॉकेट होय. ते मुख्यतः कागद, लाकूड व प्लॅस्टिक यांपासून बनविलेले असते. शाळकरी मुलांची लहान रॉकेटे आणि प्रमाणपत्राशिवाय उडविता न येणारी उच्च शक्तीची रॉकेटे यांच्या मधला हा प्रकार आहे. त्याचे सुटे भाग संचाच्या रूपात विकत मिळतात. मोटरीचे इंधन मात्र कारखान्यात तयार झालेलेच वापरावे, हा या छंदाचा मूळ दंडक आहे.

इतिहास

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथील ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते आणि त्यांना शोभेच्या दारूकामाचा छंद होता. त्यांनी १९५४ मध्ये आपले बंधू रॉबर्ट यांच्या व्याख्यानांत दाखविण्यासाठी पहिले मॉडेल रॉकेट तयार केले. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेतील अनेक मुले घरीच रसायने मिसळून रॉकेटे बनवू लागली व त्यांपैकी काही गंभीर जखमी झाली. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र चाचणी तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी यावर उपाय म्हणून कार्लाइल यांच्या रॉकेटाचा पुरस्कार केला. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. व्हर्न एस्टेस यांनी मोटर बनविणारे स्वयंचलित यंत्र तयार केल्यावर मोटरी स्वस्त व भरवशाच्या झाल्या.

मोटरीचे वर्ग

मोटरीचा वर्ग तिच्या एकूण आवेगावरून ठरतो. आवेग न्यूटन-सेकंद या एककात मोजतात आणि प्रत्येक पुढच्या वर्गाची कमाल मर्यादा आधीच्या वर्गाच्या दुप्पट असते. ई वर्ग २० ते ४०, एफ वर्ग ४० ते ८० आणि जी वर्ग ८० ते १६० न्यूटन-सेकंदांचा असतो. मोटरीवर छापलेल्या ‘एफ ५०-६’ अशा संकेतात एफ हा वर्ग, ५० हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ६ हा इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचा सेकंदांतील विलंब दर्शवितो. लहान मोटरींत बंदुकीची दारू वापरतात. मध्यम शक्तीच्या बहुतेक मोटरींत अमोनियम परक्लोरेट व रबरासारखा बंधक यांचे संयुक्त इंधन असते. तेवढ्याच वजनात ते बंदुकीच्या दारूपेक्षा सुमारे दुप्पट किंवा अधिक आवेग देते.

बांधणी

संचात नासिका शंकू, कागदी नळी, प्लायवूड किंवा प्लॅस्टिकचे पंख, मोटर बसविण्याची आतली नळी, ती मध्यभागी धरणाऱ्या कड्या, झटका सोसणारी दोरी व पॅराशूट असते. लहान रॉकेटांचे पंख नळीच्या पृष्ठभागावर चिकटविले तरी चालते. येथे रेटा व वेग जास्त असल्याने तेवढा सांधा पुरत नाही. म्हणून नळीला खाचा पाडून पंखांचे मूळ थेट आतल्या नळीपर्यंत नेतात व दोन्ही ठिकाणी बहुधा इपॉक्सीने जोडतात. चिकटविण्यापूर्वी गुळगुळीत पृष्ठभाग काचकागदाने घासून खरबरीत केल्यास सांधा अधिक घट्ट बसतो. मोटर मागे निसटू नये म्हणून आकडा किंवा पेचाची टोपी बसवितात.

स्थिरता

रॉकेट सरळ उडण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, म्हणजे नासिकेच्या बाजूस, असावा लागतो. या दोन बिंदूंमधील अंतर किमान नळीच्या व्यासाइतके असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. दाबकेंद्र काढण्याची सूत्रे जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली. आता ओपनरॉकेट या मुक्त संगणकप्रणालीने हे गणित करता येते. पंखांजवळ वापरलेला जादा इपॉक्सी आणि जड मोटर यांमुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. त्यामुळे वापरावयाची सर्वांत जड मोटर बसवूनच तोल तपासतात आणि गरज पडल्यास नासिकेत वजन घालतात.

उड्डाण

रॉकेट प्रक्षेपण दांडीवरून सुटताना पंखांचा प्रभाव पडण्याइतका वेग त्याला मिळालेला असला पाहिजे. यासाठी सरासरी रेटा रॉकेटाच्या वजनाच्या किमान पाचपट असावा, असे मानतात. एक किलोग्रॅमच्या रॉकेटाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन असल्याने त्याला ५० न्यूटनांची मोटर जेमतेम पुरते. इंधन संपल्यावर रॉकेट काही काळ गतीच्या जोरावर वर जाते आणि शिखराजवळ पॅराशूट उघडते. विलंब फार कमी असल्यास वेगात उघडलेले पॅराशूट फाटते किंवा दोरीने नळी चिरते; विलंब जास्त असल्यास रॉकेट नासिकेवर जमिनीकडे झेपावते. म्हणून योग्य विलंबाची निवड वर्गाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

सुरक्षा व कायदे

नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेनुसार ई ते जी वर्गांसाठी मैदानाची लहान बाजू किमान १,००० फूट (सुमारे ३०५ मीटर) असावी. प्रक्षेपण विजेच्या प्रज्वालकाने करावे आणि सर्वांनी किमान ३० फूट (सुमारे ९ मीटर) दूर उभे राहावे. दांडी उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलवू नये. मोटर न पेटल्यास विद्युत जोडणी तोडून ६० सेकंद थांबल्याशिवाय कोणी जवळ जाऊ नये.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियमांत १,५०० ग्रॅमपर्यंतचे आणि १२५ ग्रॅमपर्यंत इंधनाचे रॉकेट सर्वांत सौम्य वर्गात मोडते. संयुक्त इंधनाला स्फोटक मानण्यावरून तेथे अनेक वर्षे न्यायालयीन वाद चालला. २००९ मध्ये निकाल रॉकेटप्रेमी संस्थांच्या बाजूने लागला व हे इंधन स्फोटकांच्या यादीतून वगळण्यात आले. भारतात बंदुकीची दारू व इतर स्फोटके यांची निर्मिती, साठवण आणि वाहतूक यांवर स्फोटके अधिनियम, १८८४ नुसार नियंत्रण आहे. त्यामुळे अमेरिकेतील सवलती येथे आपोआप लागू होत नाहीत.