ठेवायचं काय, बदलायचं काय?

मिक्सरचं भांडं फुटलं तर दुसऱ्या कंपनीचं भांडं त्यावर सहसा बसत नाही. मग दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरच्या डब्यात आज भलत्याच कंपनीचा नवा मदरबोर्ड चपखल कसा बसतो? आमच्या २०१३ सालच्या कॉम्प्युटरचे भाग बदलायचे ठरले, नातवाने कागदावर ‘ठेवायचं’ आणि ‘बदलायचं’ असे दोन रकाने आखून दिले, आणि माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळत राहिला. इतिहास शिकवलेल्या माणसाची खोड, दुसरं काय! म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात १९८१ पासून करू. आयबीएम ही तेव्हाची बलाढ्य कंपनी, पण छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात ती मागे पडली होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका छोट्या गटावर काम सोपवलं गेलं: साधारण वर्षभरात यंत्र उभं करा. एवढ्या वेळात सगळं घरी बनवणं शक्य नव्हतं. डॉन एस्ट्रिज यांच्या या गटाने बाजारातून भाग गोळा केले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे, आणि त्यात रॅम किती? फक्त १६ केबी! पण आत पाच स्लॉट होते, आणि सर्किटच्या आकृत्यांसकट सगळी माहिती देणारं पुस्तक कंपनीने विकायला ठेवलं होतं. इतरांनी आपल्या यंत्रासाठी कार्डं बनवावीत, हा हेतू. म्हणजे हा उघडेपणा औदार्यातून आला नव्हता, घाईतून आणि व्यवहारातून आला होता. इतिहासात असं पुष्कळदा होतं.

एकच किल्ली आयबीएमने स्वतःकडे ठेवली होती, ती म्हणजे बायॉस. यंत्र सुरू होताना सगळ्या भागांना जागं करणारा हा छोटा प्रोग्रॅम. त्यावर कॉपीराइट होता, नक्कल केली की कोर्टकचेरी. १९८२ साली ह्यूस्टनमध्ये तीन इंजिनिअरांनी कॉम्पॅक ही कंपनी काढली आणि यावर सरळमार्गी तोड काढली. एका गटाने बायॉस काय काम करतो ते फक्त लिहून काढायचं, आणि मूळ प्रोग्रॅम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम लिहायचा. उत्तराची वही न बघता गणित सोडवावं, तसं. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने असाच बायॉस कोणालाही परवान्यावर देऊ केला, आणि दार सताड उघडलं.

आयबीएमने ते पुन्हा लावून बघितलं. १९८७ साली पीएस/२ ही नवी यंत्रं आणली. त्यातल्या बहुतेकांत जुनी कार्डं बसत नसत, आणि नव्या धर्तीची कार्डं नि यंत्रं बनवायची तर आयबीएमचा परवाना घ्या, पैसे भरा. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डंही चालतील असा आपला पर्याय त्यांनी जाहीर केला. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआयने पुढे दोघांनाही मागे टाकलं, पण एका कंपनीची मक्तेदारी काही परत आली नाही. पीएस/२ हे नाव राहिलं ते कीबोर्ड आणि माउसच्या त्या जांभळ्या-हिरव्या गोल भोकांपुरतं!

यात आपला संबंध काय? मोठा आहे. आयबीएमने १९७८ मध्येच भारत सोडला होता. पीसी आला तेव्हा ती कंपनी इथे नव्हतीच. तरी एचसीएल, विप्रो यांसारख्या कंपन्या ‘आयबीएम कम्पॅटिबल’ यंत्रं बनवू लागल्या, कारण रचना उघडी होती. नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने आयातीची बंधनं सैल केली.

आणि मराठीचं काय? आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी विकसित केलेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. जिस्ट हे एक कार्डच होतं. पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये ते खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटे. त्यासाठी आयबीएमची परवानगी मागायला जावं लागलं नाही. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, त्यातला देवनागरी अक्षरांचा क्रम १९८८ च्या भारतीय प्रमाणावर, म्हणजे इस्कीवर, बेतलेला आहे. आपली भाषा कॉम्प्युटरवर आली त्यात एका रिकाम्या स्लॉटचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढे भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि त्यात येणाऱ्या सुट्या भागांवरची आयात जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, हातात यादी घेऊन दुकानं पालथी घालायची आणि ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर घरी आणायचा, ही मध्यमवर्गाची रीतच होऊन गेली.

आता आमची यादी. डबा ठेवायचा, कारण इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या एटीएक्स मापामुळे स्क्रूची भोकं आजही जुळतात. सुस्थितीतली जुनी हार्ड डिस्क साठवणीपुरती ठेवायची, २००३ पासूनची साटा जोडणी नव्या बोर्डावरही आहे. एसएमपीएस बसला असता, पण इतकी वर्षं राबलेला, तिथे काटकसर नको. जुनी डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात जात नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. आणि प्रोसेसर तर बदलणं भागच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. (ज्यांना खर्च नको त्यांनी जुन्याच यंत्रात एसएसडी घालून लिनक्स टाकावं, लिहिण्यावाचण्याला ते पुरतं.) सॉकेट एएमडीचा एएम५ घ्यायचं ठरतंय, कारण कंपनीचा २०१६ चा एएम४ सॉकेट पुढे कितीतरी वर्षं नवे प्रोसेसर घेत राहिला. या सॉकेटला डीडीआर५ रॅम लागते, ती सध्या एकच पट्टी घेऊ. वेग थोडा कमी मिळेल, पण दुसरा स्लॉट रिकामा राहील.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते. ॲपलच्या २०२० पासूनच्या स्वतःच्या चिपमध्ये ती प्रोसेसरच्या शेजारी एकाच पॅकेजात बसवलेली आहे. वेग मिळतो, वीज वाचते, हे खरं. पण रॅम पुढे वाढवायची सोय गेली. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीची टंचाई झाली, भाव चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. डाखलेली रॅम घ्यायची तर पुढच्या सात-आठ वर्षांची गरज आजच ओळखून पैसे मोजायचे. पेन्शनीत हे जमत नाही. तिथे या वर्षी रॅम, पुढच्या वर्षी डिस्क, असंच चालतं.

हा उघडेपणा कोणी कायमचा लिहून दिलेला नाही. एकदा तो घाईत मिळाला, एकदा भांडून राखला गेला. म्हणून खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला एवढं जरूर विचारा: झाकण उघडतं का, रॅम वाढवता येते का, डिस्क बदलता येते का? गिऱ्हाईक विचारेनासं झालं तर कंपन्या तरी कशाला ठेवतील?

असो. लेख लांबला. तुमच्याकडच्या जुन्या डब्यांत अजून काय काय चालतंय ते वाचायला आवडेल.