गुरुजींच्या हाताखाली

मद्रासच्या एग्मोरमध्ये १७८९ साली सोजिरांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा निघाली. सोजीर म्हणजे कंपनीच्या फौजेतले गोरे शिपाई. या मुलांपैकी पुष्कळांच्या आया मात्र इथल्याच. शाळेचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होता आणि त्याचं मोठं दुखणं म्हणजे हाताखालचे मास्तर. त्यांना पगार थोडा आणि शिकवायची हौस त्याहून थोडी. त्यातला एखादा जरा तयार झाला की दुसरीकडे बरी नोकरी पकडून निघून जायचा.

एकदा सकाळी घोड्यावरून रपेट मारताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसून समोरच्या वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. कागद नाही, शाई नाही. चुकलं तर तळहात फिरवायचा, की पाटी कोरी. बेल तडक शाळेत परतला आणि मुळाक्षरांचा वर्ग असाच वाळूत बसवा, असं त्याने मास्तरांना फर्मावलं. हे होण्यातलं नाही, असं उत्तर त्याला मिळालं. तेव्हा बेलने मोठ्या माणसांचा नाद सोडला आणि जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला त्या वर्गावर बसवलं. मास्तरांना जे जमणार नव्हतं, ते पोराने करून दाखवलं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे अक्षरओळखीला धुळाक्षरं म्हणतात ते उगाच नाही. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर अक्षरं गिरवायची, त्यावर हात बसला की पुढे बोरू आणि कित्ता, अशी चाल होती. बेलच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १६२३ साली, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कर्नाटकात इक्केरीकडे निघाला असताना एका देवळाच्या ओसरीत चार मुलं त्याला अशीच वाळू पसरून बसलेली दिसली. ती हिशेब शिकत होती; सुरात घोकायचं आणि घोकता घोकता बोटाने लिहायचं. पंतोजींचा तिथे पत्ता नव्हता. मुलंच एकमेकांना सांगत होती.

पंतोजींची शाळा असल्या मदतीवाचून चालणंच कठीण होतं. एकच माणूस, एकच ओसरी, आणि समोर पाच वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटायला आलेल्या मुलापर्यंत सगळे. कोणी ‘ग’ गिरवतोय, कोणी पावकी-निमकीत अडकलाय, कोणी मोडीतलं पत्र लावतोय. इयत्ता नाहीत, फळा नाही. संध्याकाळी परवचा सुरू झाला की एखादा थोरला मुलगा पुढे उभा राही. तो ‘बे दुणे’ म्हणे, बाकीचे एका सुरात ‘चार’ म्हणत, आणि पंतोजी खांबाला टेकून फक्त कान देत. सूर कुठे अडखळला हे त्यांना डोळे मिटूनही कळे. त्या थोरल्या मुलाला या कामाचा मोबदला काही नसे. उलट त्याच्याच घरून पंतोजींना शिधा जाई.

बेल १७९६ मध्ये विलायतेला परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने मद्रासच्या प्रयोगावर पुस्तक छापलं. वाळूचं ऋण त्याने मान्य केलं. मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना मात्र आपली स्वतःची म्हणून सांगितली. कंपनीच्या संचालकांना ते पटलेलं दिसत नाही. ३ जून १८१४ च्या खलित्यात त्यांनी लिहिलं की गावोगावच्या गुरुजींची ही प्राचीन रीत बेलमार्फत इंग्लंडात गेली आहे. साहेबाने साहेबाचं श्रेय काढून इथल्या पंतोजीला दिल्याचं असं उदाहरण विरळाच.

इंग्लंडात या रीतीला दुसरा धनी तयारच होता. जोसेफ लँकेस्टर नावाच्या क्वेकर पंथातल्या तरुणाने १७९८ च्या सुमारास लंडनच्या बरो रोडवर गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. हुशार पोरांना मॉनिटर नेमलं तर एक मास्तर हजार मुलं सांभाळील, असा त्याचा हिशेब. लहानग्यांपुढे इथेही वाळूच होती. शिक्षा मात्र चमत्कारिक: गळ्यात लाकडी ओंडका अडकवायचा, नाहीतर टोपलीत घालून छताला टांगायचं. पंतोजींच्या छडीला नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचलेलं नसावं. बेलच्या मागे चर्च ऑफ इंग्लंड, लँकेस्टरमागे इतर पंथांचे लोक. शोध कुणाचा यावर दोघांचे अनुयायी वर्षानुवर्षं भांडले. भांडणात एक गोष्ट झाकली गेली. ही पद्धत पसरली ती चांगली म्हणून कमी, स्वस्त म्हणून जास्त.

तीच पद्धत मग विलायती शिक्का घेऊन आपल्याकडे परतली. मुंबईत १८१५ साली स्थापन झालेल्या एज्युकेशन सोसायटीने आपल्या शाळा बेलच्या धर्तीवर चालवल्या. १८२२ मध्ये देशी मुलांसाठी वेगळी संस्था उभी राहिली, तीच पुढची बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी. तिथे लँकेस्टर पद्धतीचा आग्रह होता. कॅप्टन जर्व्हिस नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तयार झालेले २४ शिक्षक, १४ मराठी आणि १० गुजराती, १८२६ साली जिल्ह्यांत पाठवले गेले. गावातल्या थोरल्या पोराचा आता ‘मॉनिटर’ झाला. काम तेच, नाव इंग्रजी. हे नाव आपल्या शाळांनी इतकं पचवलं की फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहिणाऱ्या पोरालाही आपण दीडशे वर्षं मॉनिटरच म्हणत आलो. शिकवणं गळून पडलं, चुगली तेवढी उरली.

मुलांच्या भरवशावर शाळा चालत नाही, हे दोन्हीकडे कळायला फार वेळ लागला नाही. इंग्लंडने १८४६ मध्ये तेरा वर्षांच्या मुलामुलींना पाच वर्षांच्या उमेदवारीवर ‘विद्यार्थी-शिक्षक’ नेमायला सुरुवात केली. वर्षाला दहा पौंड, वाढत वाढत वीस. १८९० मध्ये तिथल्या नियमांनी त्याहून सोपी वाट काढली: अठरा वर्षांवरची, देवीची लस टोचलेली आणि इन्स्पेक्टरला पसंत पडलेली कोणतीही बाई वर्गात मदतीला चालेल. लस ही पात्रता! आपल्याकडे ज्योतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात नेमकं उलटं मागितलं. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस द्यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या मागणीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००० साली, महाराष्ट्राने शिक्षणसेवक आणला. शिक्षकाचंच काम, शिक्षकाचीच पदविका, पण पहिली तीन वर्षं प्राथमिकला महिना ३००० रुपये मानधन. ‘सेवक’ हा शब्द ज्याने निवडला त्याला दाद द्यायला हवी. सेवेला पगार मागायचा नसतो. ही रक्कम १६००० व्हायला २०२३ उजाडलं.

शिक्षणसेवक आला त्याच सुमारास मुंबईत मात्र बेलच्या प्रयोगाची दुसरी बाजू नव्याने तपासली जात होती. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या होत्या. वस्तीतलीच माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली मुलगी, सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीत पोचूनही ज्यांना पहिलीचं वाचन येत नाही अशी पंधरा-वीस मुलं तिने रोज दोन तास वेगळी घेऊन बसायचं. खोली मिळाली तर खोलीत, नाहीतर मैदानात, तेही नसेल तर शाळेच्या बोळात.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात याची रीतसर पाहणी केली. (बॅनर्जी जन्माने मुंबईकर, आईकडून पाटणकर, २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा हे आपल्याकडे सगळ्यांना आठवलं.) बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले, सगळ्यांत मागे असलेल्यांचे जास्त. गंमत पुढेच आहे. वीस मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्ग आटोपशीर झाला, तरी तिथे शिक्षकापाशी उरलेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जो फायदा झाला तो जवळजवळ सगळा बोळात बसलेल्यांचा.

त्यानंतर लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि मंडळींनी इंग्लंड आणि वेल्सच्या शाळांतल्या शिक्षकांच्या मदतनिसांची मोठी पाहणी केली. तोवर इंग्लंडच्या शाळांत अशा मदतनिसांची संख्या झपाट्याने वाढली होती. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना झोंबला: ज्या मुलांना मदतनिसांची सोबत सगळ्यांत जास्त, त्यांची प्रगती त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा कमी. कारण या मदतनीस बायका कामात कमी पडत होत्या असं नव्हे. त्यांना कच्च्या मुलाशेजारी बसवलं की शिक्षक त्या मुलाकडे फिरकत नसे, आणि आज काय शिकवायचं आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसे. फ्रिस्केनला वर्ग मिळाला होता, बालसखीला तिची मुलं. यांना फक्त बाकाची कड मिळाली होती.

मुंबईतल्या पाहणीत आणखी एक नोंद आहे. एक बालसखी सरासरी वर्षभरच टिकायची. तिचं लग्न ठरे, किंवा दुसरीकडे बरी नोकरी लागे. मग जूनमध्ये वस्तीतली दुसरी कोणी मुलगी दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला येऊन बसायची.