एक संगणक, दोन चुली

मंडळी, ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख आली की आपल्या गोरेगावात एका संगणकामागं रांग लागते. पण एका यंत्रावर एकानंच बसावं, असं कुठाय?

१९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीत 'एक्स विंडो' तयार झाली. प्रोग्राम एका यंत्रावर, पडदा दुसरीकडं. १९९९ ला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच ही सोय लिनक्सवर फुकट मिळत होती.

मी करून बघितलं. संगणकासमोर भाचा, शेजारच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवरून 'एक्सआरडीपी'नं त्याच संगणकात मी. आधी नुसता काळा पडदा! दोघांनी एकच खातं उघडलेलं. एकाचा डेस्कटॉप दुसऱ्याच्या पायात. खाती वेगळी केली, दोघांचंही काम सुरू. घर एक, चुली दोन.

नवं यंत्र मागूच. पण शाळेतलं, ग्रामपंचायतीतलं आहे ते आधी पुरेपूर वापरू की!