अक्षरे जुळविणारे कार्ड

जुन्या वस्तूंचे जतन म्हटले म्हणजे ताम्रपट, नाणी आणि दप्तरांचे रुमाल आपल्या डोळ्यांसमोर येतात. ताम्रपट शेकडो वर्षांनीही वाचता येतो. संगणकात साठविलेला मजकूर मात्र तो दाखविणारे यंत्र गेले की मुका होतो. म्हणून जुने यंत्र नव्या संगणकात केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने हुबेहूब उभे करण्याची एक विद्या निर्माण झाली आहे. तिला एम्युलेशन म्हणतात. आपण यंत्रानुकरण म्हणू.

१९८७ साली आयबीएम कंपनीने ८५१४/ए नावाचे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले. साधारण संगणकात त्या काळी रेषेचा प्रत्येक ठिपका मुख्य प्रोसेसरलाच मांडावा लागे. हे कार्ड मात्र ‘येथून तेथवर रेघ ओढ’, ‘हा चौकोन रंगव’ एवढी आज्ञा मिळताच ते काम स्वतः करी. त्याच्या अंतर्रचनेची माहिती कंपनीने प्रारंभी खुली केली नव्हती. इतर कारखानदारांनी ती शोधून काढून तशीच कार्डे घडविली. आज ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये तेच कार्ड आज्ञावलीच्या रूपाने चालते, आणि जुन्या प्रोग्रामला आपण खऱ्या कार्डाशीच व्यवहार करीत आहोत असे वाटते.

आपल्या भाषेच्या इतिहासातही असे एक कार्ड होऊन गेले. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी देवनागरी संगणकावर संशोधन केले. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तेथे तांबे यांच्या नेतृत्वाखाली जिस्ट कार्ड वाढीस लागले. ते संगणकात बसविले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी रचलेल्या प्रोग्राममध्ये मराठी लिहिता येई.

हे साधले कसे? इंग्रजीत एका अंकाला एक अक्षर आणि एका अक्षराला एक घर, इतका हिशेब सरळ असतो. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात ‘क’चा अंक १७९, हलन्ताचा २३२ व ‘ष’चा २१४ आहे. हे तीन अंक ओळीने आले की पडद्यावर एकच ‘क्ष’ उमटावयास हवा. ‘कि’मध्ये ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते ‘क’च्या नंतर, पण काढावयाची असते त्याच्या आधी. हा सारा विवेक कार्डाने करावयाचा. कार्ड काढून घेतले तर साध्या आयबीएम संगणकावर १७९ म्हणजे एक उभी रेघ, २३२ म्हणजे फाय हे ग्रीक अक्षर आणि २१४ म्हणजे चौकटीचा कोपरा! ‘क्ष’ची अशी दशा, तर सबंध पत्राची काय होईल?

या योजनेतील सर्वांत मोठी दृष्टी म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठेवलेला समान अंक. फतेगंजात दुकानावरची पाटी गुजराती आणि घरातले पत्र मराठी, हे आपणांस परिचित आहे. इस्कीत मराठी ‘क’ आणि गुजराती ‘क’ या दोहोंचाही अंक १७९च. लिपी बदलली तरी साठविलेला मजकूर तोच राही. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

मग नुसते अंक युनिकोडमध्ये उतरवून घेतले तर पुरेसे नाही काय? शब्द वाचविण्यास ते पुरेसे आहे. परंतु ज्या प्रोग्रामात ते भरले गेले, ज्या रकान्यांत ते बसविले, तो व्यवहार त्याने वाचत नाही. तीन अंकांचे एक अक्षर ऐंशी घरांच्या ओळीत कसे बसवावयाचे, हे ज्ञान कार्डात होते. अनुकरण करणाऱ्यास कार्डाच्या स्मृतीतील आज्ञा, अक्षरांचे साचे आणि त्याचे वर्तन, तिन्ही हवीत. यांपैकी एकही अंदाजाने भरून काढता येत नाही.

परदेशी कार्डांना हौशी जाणकार लाभले. आपल्या कार्डासाठी ते काम मराठी, गुजराती जाणणाऱ्यांनाच करावे लागेल. ‘क्ष’ चुकला की बरोबर आला, हे दुसऱ्या कोणास कळणार? तेव्हा जुन्या कचेरीचे कपाट रिकामे करताना एखादे कार्ड, त्याची माहितीपुस्तिका अथवा फ्लॉपी हाती लागली, तर ती भंगारात जाण्यापूर्वी एकवार निरखून पाहावी. आपल्या लिपीच्या इतिहासाचे ते एक अस्सल साधन आहे.